पाच अंतिम लढती हरूनही न मोडलेला संघ: आल्बा बर्लिन, २०१७ ते २०२५

प्रकरण थोडक्यात

फेब्रुवारी २०१८ ते जून २०१९ या दीड वर्षाच्या आत बर्लिनचा आल्बा हा बास्केटबॉल संघ पाच अंतिम लढती खेळला आणि पाचही हरला. २०१८चा जर्मन करंडक बायर्न म्युनिकने नेला. त्याच वर्षी लीगची अंतिम मालिका पुन्हा बायर्ननेच ३-२ जिंकली. २०१९चा करंडक बाम्बर्गकडून एका गुणाने गेला. युरोकप या युरोपीय क्लबांच्या दुसऱ्या फळीच्या स्पर्धेत, अंतिम मालिकेत स्पेनच्या वालेन्सियाने २-१ हरवलं आणि जून २०१९ मध्ये लीगच्या अंतिम मालिकेत बायर्नने थेट ३-० अशी मात केली.

तोंडाशी आलेला घास इतक्या वेळा गेला की व्यावसायिक खेळात पहिली गदा येते ती प्रशिक्षकावर. इथे प्रशिक्षक ७२ वर्षांचा होता, म्हणजे निरोप द्यायला कारणही आयतं होतं. क्लबाने प्रशिक्षक बदलला नाही, खेळण्याची पद्धतही बदलली नाही. पुढच्या तीन हंगामांत लीगची सलग तीन जेतेपदं आली. २०२३ नंतर मात्र हीच पद्धत अपुरी पडू लागली. या दोन्ही टप्प्यांवर कोणते निर्णय घेतले गेले, त्यामागे कोणतं गणित होतं आणि कुठे वेगळं वागता आलं असतं, ते इथे मांडलं आहे. सार्वजनिक जीवनात नसलेल्या कुणाचंही नाव घेतलेलं नाही.

पार्श्वभूमी: क्लब आणि त्याची रचना

पश्चिम बर्लिनमधल्या शार्लोटेनबुर्गच्या जुन्या संघाच्या जागेवर १९९०-९१ च्या सुमारास आजचा क्लब उभा राहिला. भिंत नुकतीच पडली होती. कचरा व्यवस्थापन आणि पुनर्वापराच्या व्यवसायातली आल्बा कंपनी प्रायोजक म्हणून आली आणि तिचं नाव क्लबाला लागलं ते आजतागायत. जर्मन बास्केटबॉलमध्ये प्रायोजकाचं नाव संघाला असणं नेहमीचंच आहे. बॉनच्या संघाच्या नावात टेलिकोम आहे, उल्मच्या नावात राशियोफार्म, ओल्डेनबुर्गच्या नावात ईडब्ल्यूई. प्रायोजक गेला की नाव जातं, आणि नावाबरोबर पैसाही. तीन दशकं एकच प्रायोजक टिकणं ही आल्बाची मोठी जमेची बाजू आहे. तिचा उल्लेख त्या मानाने कमीच होतो.

असे क्लब दोन अंगांनी चालतात. एक असते सभासदांची नोंदणीकृत संस्था. मुलामुलींचे आणि हौशी संघ तिच्याकडे असतात. दुसरी असते मर्यादित जबाबदारीची कंपनी. ती व्यावसायिक संघ चालवते, खेळाडूंशी करार करते, तिकिटं विकते आणि दरवर्षी लीगकडून परवाना घेते. परवान्यासाठी लीग हिशेब तपासते आणि सभागृह किमान ३,००० प्रेक्षकांचं असावं लागतं. मैदानावर कमावलेली जागा हिशेबात गमावणं या व्यवस्थेत शक्य आहे. तसं झाल्याची उदाहरणंही आहेत.

आल्बाचं पहिलं मोठं यश १९९५चं. स्वेतिस्लाव पेशिच यांच्या हाताखाली संघाने कोराच करंडक जिंकला. युरोपीय क्लब स्पर्धा जिंकणारा हा पहिला जर्मन बास्केटबॉल संघ. १९९७ ते २००३ अशी सलग सात लीग जेतेपदं आली. १९९६ मध्ये संघ माक्स श्मेलिंग सभागृहात गेला, २००८ मध्ये श्प्रे नदीकाठच्या नव्या एरिनात. तिथे बास्केटबॉलला सुमारे साडेचौदा हजार प्रेक्षक बसतात. त्याच २००८ मध्ये लीग जिंकली आणि मग बारा वर्षांचा दुष्काळ सुरू झाला. मधल्या काळात करंडक चारदा मिळाला, लीग मात्र बहुतेकदा बाम्बर्गकडे किंवा बायर्नकडे जात राहिली. बायर्नचा बास्केटबॉल विभाग २०११ मध्ये वरच्या लीगमध्ये आला आणि तिसऱ्याच हंगामात जिंकला. फुटबॉलमधल्या नावाची ताकद त्याच्या पाठीशी होती. पैशाच्या शर्यतीत त्याला गाठणं बर्लिनला शक्य नव्हतं.

६ अधिक ६ चा नियम आणि २०० मिनिटांचं गणित

पुढचे सगळे निर्णय एका नियमाभोवती फिरतात, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

जर्मन लीगमध्ये सामन्याच्या यादीत जास्तीत जास्त १२ खेळाडू असतात आणि त्यांतले परदेशी फक्त ६. बारा जणांची यादी भरायची तर निदान ६ जर्मन हवेतच. युरोलीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत आणि युरोकपमध्ये अशी अट नाही. सामना ४० मिनिटांचा, मैदानावर एका वेळी पाच जण. म्हणजे प्रत्येक सामन्यात प्रशिक्षकाकडे वाटायला २०० मिनिटं असतात.

जर्मन खेळाडू कच्चे असतील तर ही २०० मिनिटं सहा परदेशींनाच ओढावी लागतात, प्रत्येकी तेहेतीसच्या वर. आठवड्याला एक सामना असेल तर हे चालून जातं. युरोपात खेळणाऱ्या संघाला मात्र आठवड्याला दोन, कधी तीन सामने असतात आणि हंगाम सत्तरच्या घरात जातो. ३२ मिनिटांच्या हिशेबाने ७० सामन्यांत एका खेळाडूची २,२४० मिनिटं होतात, २२ मिनिटांच्या हिशेबाने १,५४०. फरक ७०० मिनिटांचा, म्हणजे साडेसतरा पूर्ण सामन्यांचा. मे महिन्यात बाद फेरी सुरू होते तेव्हा हा फरक पायांत दिसतो. उडी खुजी पडते, तिसऱ्या क्वार्टरमध्ये बचावात पाऊल उशिरा पडतं, मांडीचे स्नायू दुखावतात.

उलट जर्मन खेळाडूंनी मिळून ८० मिनिटं नीट सांभाळली, तर परदेशींच्या वाट्याला १२० उरतात, प्रत्येकी २०. अडचण अशी की वरच्या दर्जाचे जर्मन खेळाडू मोजकेच आणि ते सगळ्यांनाच हवे असतात. त्यामुळे त्यांची किंमत चढते आणि बोली लागली की श्रीमंत क्लब जिंकतो. कमी पैसेवाल्या क्लबाला उरते एकच वाट: असे खेळाडू घरी घडवायचे. आल्बाने तरुणांना संधी दिली याचं कौतुक बरेचदा औदार्य म्हणून होतं. मला ते तसं वाटत नाही. त्या क्लबासाठी तो मिनिटांचा आणि पैशांचा हिशेब होता आणि तो चोख होता.

अडचण कशी उभी राहिली

२०१२ ते २०१६ या काळात साशा ओब्रादोविच यांचा संघ कडक बचावासाठी ओळखला जाई. २०१६ मध्ये हिमार ओखेदा क्रीडा संचालक म्हणून आले. ते आधी स्पेनमध्ये ग्रान कनारिया क्लबात होते. २०१६-१७ च्या हंगामात अहमेत चाकी हे प्रशिक्षक हंगाम संपायच्या आतच गेले. २०१७ च्या उन्हाळ्यात ओखेदा यांनी आणलं ते आइतो गार्सिया रेनेसेस यांना. बार्सिलोनासोबत अनेक स्पॅनिश लीग जेतेपदं, २००८ च्या ऑलिंपिकमध्ये स्पेनच्या संघासोबत रौप्य, आणि रिकी रुबिओ, रुडी फर्नांडेझ यांच्यासारख्यांना कोवळ्या वयात मैदानावर उतरवणारा प्रशिक्षक अशी त्यांची ओळख. वय तेव्हा ७०.

त्यांच्या हाताखाली संघ लगेच वेगळा दिसू लागला. ठरीव चाली कमी, वेग जास्त. चेंडू मिळाला की समोरच्या बचावाची मांडणी बघून खेळाडूने स्वतः निर्णय घ्यायचा. बाजूला उभं राहून ओरडणं जवळजवळ नाही. दर काही मिनिटांनी बदल, कधी एकदम तीन-चार जणांचा. चूक झाली म्हणून तरुण खेळाडू लगेच बेंचवर येत नसे आणि सलग तीन शॉट मारले म्हणून कुणी मैदानावर राहीलच असंही नसे. पहिल्याच हंगामात आइतो लीगचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले आणि फॉरवर्ड ल्यूक सिक्मा सर्वोत्तम खेळाडू.

फक्त शेवटचा सामना जिंकता येईना.

१७ फेब्रुवारी २०१९ची करंडकाची अंतिम लढत जवळून बघण्यासारखी आहे. सामना बाम्बर्गमध्ये, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर. शेवटच्या क्षणांत आल्बाकडे ८२-८० अशी दोन गुणांची आघाडी होती. चेंडू बाम्बर्गच्या अनुभवी ग्रीक गार्डकडे (चेंडू हाताळून चाल रचणारा खेळाडू), निकोस झिसिसकडे गेला. त्याने तीन गुणांचा शॉट मारला आणि तो पडला. ८३-८२. आल्बाच्या हातात वेळ उरलाच नाही.

दोन गुणांच्या आघाडीत मुद्दाम फाउल करण्यात अर्थ नसतो, कारण दोन फ्री थ्रो पडले की बरोबरी होतेच. अशा वेळी बचावाचं काम एकच: तीन गुणांच्या रेषेवर कुणाला मोकळं सोडायचं नाही, आत घुसून दोन गुण केले तर करू द्यायचे. त्यासाठी त्या दहा सेकंदांत मैदानावर कोणते पाच जण असणार आणि कोण कुणाला धरणार हे आधी ठरलेलं असावं लागतं. ४० मिनिटं सगळ्यांना सारखं फिरवणाऱ्या संघात नेमकं हेच कच्चं राहण्याचा धोका असतो. शेवट कुणी करायचा हे कुणालाच ठाऊक नसतं. आल्बावर या काळात होणारी टीका अशीच होती आणि ती बिनबुडाची नव्हती.

समोरचे पर्याय

जून २०१९ मध्ये, बायर्नकडून ०-३ हरल्यावर, तीन वाटा दिसत होत्या.

पहिली, प्रशिक्षक बदलायचा. प्रायोजकांना आणि प्रेक्षकांना काहीतरी केल्याचं दिसतं. पण हा संघ आइतो यांच्या पद्धतीसाठीच निवडलेला होता. सिक्मा हा बास्केटखाली खेळणाऱ्या सेंटरच्या उंचीचा नसलेला, पण पास देण्यात गार्डला लाजवणारा फॉरवर्ड. ठरीव चालींच्या पद्धतीत त्याची निम्मी किंमत वाया गेली असती. शिवाय नवा प्रशिक्षक सहसा आपल्या ओळखीचे अनुभवी खेळाडू मागतो आणि १९-२० वर्षांच्या मुलांची मिनिटं सगळ्यांत आधी कापली जातात. दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

दुसरी वाट, प्रशिक्षक ठेवायचा, पण शेवटच्या पाच मिनिटांसाठी एक-दोन महागडे खेळाडू घ्यायचे आणि खेळाडूंची फिरती (रोटेशन) आठ जणांपुरती आवळायची. कागदावर हा सगळ्यांत शहाणा पर्याय वाटतो. अडचण होती ती वेळापत्रकाची. त्या वर्षी युरोकपच्या दोन्ही अंतिम संघांना पुढच्या हंगामात युरोलीगचं दार उघडलं होतं. म्हणजे युरोलीगचे ३४ आणि देशातले जवळजवळ तितकेच सामने, त्यावर करंडक आणि बाद फेरी. आठ जणांत ते ओढणं म्हणजे एप्रिलपर्यंत निम्मा संघ फिजिओच्या टेबलावर.

तिसरी वाट, जे चाललं आहे ते तसंच पुढे न्यायचं आणि जिथे जिथे भोक आहे तेवढंच बुजवायचं. यात धोका धीराचा. सहावी आणि सातवी अंतिम लढतही हरली असती तर व्यवस्थापनाला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

क्लबाने तिसरी वाट धरली. हे सोपं झालं त्याचं एक कारण माणसांमध्ये आहे. मार्को बाल्दी हे क्लबाच्या जन्मापासून व्यवस्थापनात होते. त्यांनी सात सलग जेतेपदंही पाहिली होती आणि बारा वर्षांचा दुष्काळही. दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या व्यवस्थापनाला असा निर्णय पेलला असता असं वाटत नाही.

प्रत्यक्षात काय केलं

*एकाच जागेची साखळी.* चांगला खेळला की खेळाडू जाणार, हे क्लबाने गृहीत धरलं. बाजूच्या फॉरवर्डची जागा बघा. २०१७ मध्ये लिथुआनियाचा मारियुस ग्रिगोनिस आला आणि एका हंगामाने तिथल्याच झालगिरिस क्लबाकडे गेला. त्याच्या जागी लिथुआनियातूनच रोकास गिएद्राइतिस आला, दोन हंगाम खेळला आणि स्पेनच्या बास्कोनियाकडे गेला. त्याच्या जागी इटलीहून सिमोने फोन्तेक्किओ आला, एका हंगामाने तोही बास्कोनियाकडे गेला आणि तिथून एनबीएत. तिघेही येताना युरोपच्या वरच्या बाजारात फारसे कुणाच्या नजरेत नव्हते. तिघांचा साचा एकच: उंच, धावणारा, दुरून शॉट असणारा आणि चेंडूशिवाय हलणारा. असा साचा ठरलेला असला की शोधाचं काम वर्षभर आधी सुरू करता येतं. खेळाडू निघून गेल्यावर जुलैमध्ये धावाधाव करणारे क्लब उरलेल्यांतून निवडतात.

सिक्माची जागा मात्र हलू दिली नाही. तो २०१७ ते २०२३ अशी सहा वर्षं राहिला. पद्धत नव्या खेळाडूला शिकवायला मैदानावर कुणीतरी कायमचं लागतं. ते काम त्याचं होतं.

*जर्मन फळी.* कर्णधार नील्स गिफाय बर्लिनचाच. २०१८ मध्ये योहानेस थीमान आला. त्यांच्या मागे योनास मातिसेक, टिम श्नायडर, माल्टे डेलोव्ह ही बर्लिनची मुलं. २०२० मध्ये माओडो लो बायर्नहून आला. ८० मिनिटांचं गणित या मंडळींनी सांभाळलं.

*बेर्नाऊची जोडणी.* १८-१९ वर्षांच्या मुलाला वरच्या लीगमध्ये चार मिनिटं मिळतात. त्याने खेळ वाढत नाही. म्हणून जर्मनीत दुहेरी परवान्याची सोय आहे: तरुण खेळाडू मोठ्या क्लबासोबतच खालच्या लीगमधल्या सहयोगी क्लबाकडूनही खेळू शकतो. आल्बाचा सहयोगी होता ‘लोक बेर्नाऊ’ हा क्लब. बेर्नाऊ हे बर्लिनच्या ईशान्येला, लोकल गाडीच्या एस-२ मार्गाच्या टोकाचं गाव, आणि संघ तिसऱ्या पातळीवरच्या प्रो-बी लीगमधला. आठवडाभर सराव व्यावसायिकांसोबत आणि शनिवारी बेर्नाऊसाठी तीस मिनिटं मैदानावर, चुका निस्तरायची जबाबदारी स्वतःवर.

हे दिसतं तितकं सरळ नाही. १९ वर्षांखालच्या संघाचा प्रशिक्षक, बेर्नाऊचा प्रशिक्षक आणि वरच्या संघाचा प्रशिक्षक अशा तिघांनाही तोच मुलगा हवा असतो. तिघांनी आपापलं कॅलेंडर चालवलं तर दहा दिवसांत मुलाचे पाच-सहा सामने होतात आणि गुडघ्याखालचा स्नायुबंध सुजतो. मुलाच्या मिनिटांची एकत्र नोंद एकाच माणसाकडे असणं आणि नको म्हणायचा अधिकारही त्याच्याकडेच असणं, हे या व्यवस्थेचं मर्म. ही सोय अनेक क्लबांकडे कागदावर असते. ती फसते ती या एका कामासाठी माणूस न नेमल्याने.

*पाया रुंद ठेवणं.* माजी राष्ट्रीय खेळाडू हेनिंग हार्निश यांच्या पुढाकाराने क्लबाने बर्लिनच्या बालवाड्या आणि शाळांत प्रशिक्षक पाठवायला सुरुवात केली होती. मोठे होऊन आल्बाकडून खेळणारे त्यांतले मोजकेच. पण त्यामुळे मुलांना शिकवणारे बरेच प्रशिक्षक क्लबाकडे कामाला होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर याचा उपयोग झाला. क्लबाने रोज यूट्यूबवर बालवाडी, प्राथमिक आणि माध्यमिक अशा वयोगटांसाठी व्यायामाचे तास सुरू केले आणि ते जर्मनीभर घराघरांत पाहिले गेले.

निर्णायक टप्पा: २०२०

१६ फेब्रुवारी २०२० रोजी, बर्लिनमध्येच, आल्बाने ओल्डेनबुर्गला ८९-६७ हरवून करंडक जिंकला. हरलेल्या अंतिम लढतींची मालिका तिथे थांबली. तीन आठवड्यांनी करोनामुळे लीग थांबली.

लीगने हंगाम रद्द न करता जूनमध्ये म्युनिकमध्ये दहा क्लबांची बंदिस्त स्पर्धा घेतली. हॉटेल, चाचण्या, रिकामं सभागृह. आधी पाच-पाचच्या दोन गटांत साखळी सामने, मग उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम फेरी, प्रत्येकी दोन सामन्यांच्या एकत्रित गुणांवर. अंतिम फेरीपर्यंत जाणाऱ्या संघाला जेमतेम तीन आठवड्यांत १० सामने. आइतो तेव्हा ७३ वर्षांचे. त्यांच्या वयाच्या माणसाला घरी थांबायला कुणी नाव ठेवलं नसतं. ते गेले.

दोन महिने सराव तुटलेला, मग दर दुसऱ्या दिवशी सामना. अशा स्पर्धेत आठ जणांवर चालणारे संघ दुसऱ्या आठवड्यात वाकतात. बायर्न उपांत्यपूर्व फेरीतच लुडविग्सबुर्गकडून बाद झाला. आल्बाने जवळजवळ तीन वर्षं जी फिरती चालवली होती, ती जणू याच स्पर्धेसाठी बेतली होती. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात लुडविग्सबुर्गवर ८८-६५ असा विजय मिळाला. २३ गुणांची आघाडी हातात असल्यावर दुसरा सामना नुसता सांभाळायचा होता, तोही ७५-७४ जिंकला. बारा वर्षांनी लीग बर्लिनला परतली.

योगायोगाचा भाग इथे मान्य करायला हवा. नेहमीसारखी पाच सामन्यांची मालिका, मध्ये विश्रांती, बायर्नच्या सभागृहात प्रेक्षक, असं सगळं असतं तर निकाल काय लागला असता हे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्याचं उत्तर पुढच्या वर्षी मिळालं. २०२१ मध्ये नेहमीच्या पद्धतीने अंतिम मालिका झाली आणि आल्बाने बायर्नला ३-१ हरवलं.

परिणाम

२०२१ च्या उन्हाळ्यात आइतो गेले. त्यांच्या जागी बाहेरून कुणाला न आणता त्यांचेच सहायक इस्राएल गोन्झालेझ यांना बढती दिली. माझ्या मते २०१९ नंतरचा हा सगळ्यांत चांगला निर्णय. खेळाडूंना भाषा बदलावी लागली नाही. २०२२ मध्ये लीग आणि करंडक दोन्ही आले, लीगच्या अंतिम मालिकेत पुन्हा बायर्न, पुन्हा ३-१.

२०२३ मध्ये जर्मनी विश्वविजेता झाला तेव्हा बारा जणांच्या संघात पाच खेळाडू कधी ना कधी आल्बाकडून खेळलेले होते: फ्रान्झ वाग्नर, मोरिट्झ वाग्नर, माओडो लो, नील्स गिफाय आणि योहानेस थीमान. प्रशिक्षक गॉर्डन हर्बर्ट हेही पूर्वी आल्बाचे प्रशिक्षक होते. क्लबाचा महिला संघ २०२२ मध्ये वरच्या लीगमध्ये आला आणि २०२४ मध्ये जर्मन विजेता झाला.

दुसरी बाजूही आहे. २०२३ मध्ये लीगच्या बाद फेरीत सातव्या क्रमांकावरून आलेल्या उल्मने आल्बाला पहिल्याच फेरीत हरवलं आणि पुढे जेतेपदही नेलं. त्या उन्हाळ्यात सिक्मा ग्रीसच्या ऑलिंपियाकोसकडे गेला आणि लो इटलीच्या मिलानोकडे. पद्धत शिकवणारा कायमचा माणूस आणि सर्वोत्तम जर्मन गार्ड एकदमच गेले. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत आल्बा युरोलीगच्या तळाला राहिला. २०२४ मध्ये लीगची अंतिम मालिका बायर्नकडून १-३ गेली आणि २०२४-२५ मध्ये हंगामाच्या मध्येच प्रशिक्षक बदलावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

*सामन्याचा शेवट.* फिरती कायम ठेवूनही शेवटच्या तीन मिनिटांचे पाच जण आणि त्यांच्या दोन-तीन चाली ठरवता येतात. त्यासाठी सरावात रोज दहा मिनिटं पुरतात: घड्याळावर ४० सेकंद, आघाडी कधी अधिक दोन, कधी उणे एक, आणि त्यावरून खेळायचं. २०१९च्या करंडकात कमी पडलं ते इथेच. पद्धत मोडायची गरज नव्हती.

*घरचा मुलगा फुकट जाणं.* फ्रान्झ वाग्नर २०१८-१९ मध्ये लीगचा सर्वोत्तम तरुण जर्मन खेळाडू ठरला आणि त्याच उन्हाळ्यात मिशिगन विद्यापीठात गेला. मोरिट्झही २०१५ मध्ये तिथेच गेला होता. युरोपीय क्लब खेळाडू घेतो तेव्हा करार तोडायचे पैसे मिळतात. अमेरिकन विद्यापीठाकडून तेव्हा असं काही मिळत नसे. मुलांनी जाऊ नये असं म्हणण्यात अर्थ नाही. फ्रान्झ २०२१ मध्ये एनबीए निवडीत आठवा आला, त्याचा निर्णय योग्यच ठरला. पण क्लबाला १७ व्या वर्षीच मुलाशी आणि पालकांशी बसून पुढच्या तीन वर्षांचा लेखी आराखडा करता येतो: कितव्या वर्षी किती मिनिटं, बेर्नाऊ कधीपर्यंत, शाळा-कॉलेजचं काय. आता अमेरिकन विद्यापीठं खेळाडूंना पैसेही देऊ शकतात, त्यामुळे हे काम आणखी आधी सुरू करावं लागेल.

*युरोलीगमधून निघण्याची वेळ.* २०१९ मध्ये तिथे जाणं बरोबर होतं. तरुणांना वरचा दर्जा दिसला आणि एरिना भरलं. पण तळाच्या बजेटमध्ये ३४ सामने खेळताना आठवड्यात नीट सराव होतो फार तर एक दिवस, आणि आल्बाची सगळी पद्धत सरावावर उभी आहे. बचाव वाचायला शिकणं प्रवासात होत नाही. २०२३ मध्ये सिक्मा आणि लो गेले तेव्हाच हा प्रश्न टेबलावर यायला हवा होता. दोन हंगाम सतत हरण्यात तरुणांचा आत्मविश्वास गेला आणि देशातल्या लीगमध्येही पाय जड झाले.

क्लबाने २०२५ मध्ये युरोलीग सोडून चॅम्पियन्स लीग या बास्केटबॉलच्या दुसऱ्या युरोपीय क्लब स्पर्धेत जाण्याचा निर्णय घेतला. युरोलीग त्याच वेळी २० संघांची झाली, म्हणजे ३८ सामने. चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत ६ सामने असतात. हातात आलेले आठवडे मातिसेक आणि डेलोव्हनंतरच्या पिढीच्या सरावाला गेले, तर ८० मिनिटांचं गणित पुन्हा मांडता येईल. ती पिढी घडायला निदान तीन हंगाम द्यावे लागतील, आणि तेवढ्या काळात लीगमध्ये चौथा-पाचवा क्रमांक आला तरी व्यवस्थापनाने २०१९ सारखंच जागेवर राहायला हवं.